वाहनाच्या बाजूच्या आरशातील विद्युत दोष

वाहनाच्या पुढील दारांवर बसवलेला आणि मागून व बाजूने येणारी वाहने चालकास दाखवणारा आरसा म्हणजे बाजूचा आरसा होय. बोलण्यात त्यास साइड मिरर म्हणतात. ज्या आरशाची काच आतील बटणाने हलवता येते, जो बटणाने मिटतो किंवा ज्यात इंडिकेटरचा दिवा, काच तापवणारी पट्टी, कॅमेरा यांपैकी काही बसवलेले असते, त्यास विद्युत आरसा असे म्हणतात. असा आरसा बंद पडला की मोटर जळाली असा समज होतो आणि पुष्कळदा संपूर्ण आरसाच बदलला जातो. प्रत्यक्षात दोष अनेकदा फ्यूज, तुटलेली तार, मळलेला कपलर किंवा बटण यांत असतो आणि तो साध्या साधनांनी घरी शोधता येतो. अमरावती, अकोला व लगतच्या वऱ्हाडी मुलखात उष्णता, काळ्या मातीची धूळ आणि खारे पाणी या तीन कारणांमुळे हे दोष विशेष संभवतात. प्रस्तुत लेखात गाडीसाठी वाहन किंवा गाडी हे शब्द योजले असून मोटर हा शब्द केवळ आरशातील लहान विद्युत चलित्रासाठी वापरला आहे.

पार्श्वभूमी

मागचे पाहण्यासाठी आरसा वापरण्याची कल्पना वाहनांच्या आरंभीच्या काळातील आहे. डोरोथी लेव्हिट या इंग्लिश महिला चालकाने १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात स्त्रियांनी गाडी चालवताना हाती छोटा आरसा ठेवावा व अधूनमधून मागे काय आहे ते त्यात पाहावे असे सुचवले होते. १९११ च्या पहिल्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत रे हॅरून याने आपल्या गाडीवर आरसा बसवला आणि ती शर्यत जिंकली. भारतात मात्र डावीकडचा आरसा दीर्घकाळ चैनीची वस्तू समजला गेला. अनेक स्वस्त गाड्या केवळ उजव्या आरशासह विकल्या जात. २००९ मध्ये रस्त्यावर आलेल्या टाटा नॅनोच्या सुरुवातीच्या गाड्यांनाही एकच आरसा होता. दुचाकीस्वार डावीकडून पुढे निघून जाण्याची रीत ज्या देशात सर्वत्र आहे, तेथे ही काटकसर अजबच म्हटली पाहिजे.

अमरावती व अकोला यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. ५३ आता रुंद व वेगवान झाला आहे. जून २०२२ मध्ये याच मार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला व त्याची गिनेस बुकात नोंद झाली. रस्ता चांगला झाला की वेग वाढतो, आणि कापसाच्या हंगामात त्याच रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉली व बैलगाड्याही असतात. मार्गिका बदलताना मागचे दिसणे त्यामुळे अधिकच निकडीचे झाले आहे. वाकडा झालेला किंवा मिटलेल्या स्थितीत अडकलेला आरसा घेऊन महिनोन् महिने गाडी चालवणे हे यामुळे केवळ गैरसोयीचे राहत नाही.

रचना व कार्य

आरशाच्या बाहेरील प्लॅस्टिकच्या कवचात काच थेट चिकटवलेली नसते. काचेमागे प्लॅस्टिकची पाठपट्टी असते व ती खटक्यांच्या साहाय्याने एका चपट्या डब्यावर बसते. या डब्यात दोन छोट्या मोटरी व दातेरी चाके असतात. एक मोटर काचेस वर-खाली, तर दुसरी डावी-उजवीकडे कलवते. मोटरी एकदिश विद्युतप्रवाहावर चालतात व त्यांना वाहनाच्या बॅटरीतून १२ व्होल्टचा दाब मिळतो. अशा मोटरीच्या दोन टोकांना जोडलेले धन व ऋण ध्रुव अदलाबदल केले की ती उलट फिरते. आरशाच्या बटणाचे काम नेमके एवढेच असते: दाबलेल्या दिशेप्रमाणे ध्रुव उलटसुलट करून देणे.

दोन मोटरींची चार टोके होतात, परंतु साध्या विद्युत आरशात काच हलवण्यासाठी तीनच तारा असतात. प्रत्येक मोटरीस एक स्वतंत्र तार आणि दोहोंस मिळून एक सामाईक तार. काच वर न्यायची असेल तर वर-खाली मोटरीच्या तारेस धन व सामाईक तारेस ऋण ध्रुव मिळतो. खाली आणायची असेल तर याच्या उलट. सामाईक तार अशा रीतीने कधी धन तर कधी ऋण होते. येथे एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. या मोटरींना गाडीच्या पत्र्याकडून अर्थ मिळत नाही, तो बटणातून मिळतो. म्हणून टेस्ट लॅम्पचा चिमटा पत्र्याला लावून केवळ एक तार तपासली तर निष्कर्ष अपुरा राहतो. तपासणी दोन तारांमध्येच करावी लागते.

आरसा मिटण्याची सोय असल्यास त्यासाठी बुंध्याशी तिसरी, अधिक जोरदार मोटर असते. इंडिकेटर व तापक पट्टी यांच्या तारा निराळ्या असतात. या सर्व तारा आरशाच्या बुंध्यातून दारात, तेथून कपलरमधून पुढे आणि दार व गाडी यांच्यामधील घडीदार रबरी नळीतून आत जातात. काच, कपलर, रबरी नळी, बटण आणि फ्यूज हा मार्ग मनात नीट बसला की दोष शोधण्याचे अर्धे काम झाले असे समजावे.

वऱ्हाडातील कारणे

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या वर जाणे नवे नाही. उन्हात उभ्या असलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या कवचाचे तापमान हवेपेक्षाही बरेच जास्त होते. वर्षानुवर्षांच्या अशा उन्हाने प्लॅस्टिकचे खटके ठिसूळ होतात, रबरी नळीस तडे जातात आणि दातेरी चाकांमधील वंगण सुकते. वंगण सुकलेल्या यंत्रणेत मोटरीला जास्त जोर लावावा लागतो व ती अधिक प्रवाह ओढते.

दुसरे कारण काळी माती. कापसास मानवणारी ही माती सुकली की तिची अतिशय बारीक भुकटी होते आणि ओली झाली की चिकट चिखल. आरशाच्या कवचाच्या तळाशी पाणी निचरून जाण्यासाठी छोटी छिद्रे ठेवलेली असतात. शेतरस्त्याने जाणाऱ्या गाडीची ही छिद्रे चिखलाने बुजतात, पावसाचे पाणी आत साचते आणि मोटरीच्या डब्यापर्यंत ओल पोहोचते. सुई किंवा काडीने ही छिद्रे मोकळी ठेवणे हा सर्वांत स्वस्त प्रतिबंधक उपाय आहे, पण तो करताना क्वचितच कोणी दिसतो.

तिसरे कारण या भागाचे खास आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांस अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा यांसारख्या तालुक्यांतील अनेक गावांत विहिरींचे व बोअरचे पाणी खारट असते. पिण्यास ते निरुपयोगी म्हणून गाडी धुण्यास वापरले जाते. हे पाणी आरशाच्या फटीतून कपलरमध्ये शिरले की सुकल्यावर क्षार मागे राहतात. क्षार हवेतील ओल ओढून घेतात. त्यामुळे पितळी वा तांब्याच्या पट्ट्या वरून कोरड्या दिसल्या तरी किंचित दमट राहतात. त्यांवर विद्युतदाब असताना विघटनाची क्रिया होऊन धातू झिजतो व हिरवट-पांढरा मळ जमतो. हा मळ विजेस अडथळा करतो. उच्च दाबाच्या फवाऱ्याने गाडी धुतल्यास हेच पाणी आणखी खोलवर जाते. खारपाणपट्ट्यातील गाडीचा आरसा बंद पडला तर पहिला संशय कपलरवर घ्यावा, तो बहुधा खरा ठरतो.

गावातील अरुंद वाटांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. अमरावतीच्या परकोटाच्या आतील किंवा अचलपूरच्या जुन्या वस्तीतील गल्ल्यांत उभ्या गाडीच्या आरशास जाणाऱ्या-येणाऱ्यांचा धक्का लागतो. विजेने मिटणारा आरसा हाताने जोरात ढकलला गेल्यास त्याचे दाते जागेवरून सरकतात आणि नंतर बटण दाबूनही तो पुरता उघडत नाही. हा दोष विजेचा नसून यंत्रणेचा असतो. आरसा हाताने पूर्ण पुढे व पुन्हा मागे नेल्यास टक् असा आवाज होऊन दाते बहुधा जागी बसतात.

प्राथमिक तपासणी

काहीही उघडण्यापूर्वी काही साध्या गोष्टी पाहाव्यात. डावा किंवा उजवा आरसा निवडण्याची कळ मध्यावर असेल तर दोन्हीपैकी कोणताच आरसा हलत नाही. ही रचना मुद्दाम केलेली असते, चुकून हात लागून आरसा हलू नये म्हणून. अनेक गाड्यांत चावी चालू स्थितीत असल्याखेरीज आरशास वीज मिळत नाही. आरसा मिटलेला असताना काच हलू न देणाऱ्याही काही गाड्या आहेत. या तीन गोष्टी पाहिल्यावरच दोष आहे असे म्हणावे.

त्यानंतर फ्यूज. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर किंवा गाडीसोबतच्या पुस्तिकेत आरशाचा फ्यूज कोणता ते दिलेले असते. बऱ्याच गाड्यांत तोच फ्यूज इतर एखाद्या उपकरणासही असतो. ते उपकरणही बंद असेल तर संशय बळावतो. पातीच्या आकाराच्या फ्यूजचा रंग त्याची क्षमता सांगतो: फिकट तपकिरी ५ अँपिअर, तपकिरी ७.५, लाल १०, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३० अँपिअर. जळालेला फ्यूज तेवढ्याच क्षमतेच्या फ्यूजनेच बदलावा. फ्यूज हा तारेचा रक्षक असतो. तारेला सोसेल त्याहून कमी प्रवाहावर तो तुटावा अशी त्याची निवड केलेली असते. त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळणे ही आपल्याकडील जुनी खोड आहे. तिचा परिणाम असा होतो की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी दारातील तारांचा जुडगा जळतो. बदललेला फ्यूज लगेच पुन्हा गेला तर कोठेतरी दोन तारा एकमेकींस किंवा एखादी तार पत्र्यास चिकटली आहे असे समजून फ्यूज बदलत राहणे थांबवावे.

लक्षणांवरून निदान

तीन तारांची रचना समजली असेल तर केवळ बटण दाबून व कान देऊनही पुष्कळ कळते.

दोन्ही बाजूंचे आरसे एकाच वेळी बंद पडले असतील तर दोन्हीकडच्या मोटरी एकदम बिघडणे संभवत नाही. दोष दोहोंस सामाईक असलेल्या भागात, म्हणजे फ्यूज, बटण किंवा बटणाचा अर्थ यांत शोधावा. एकच आरसा सर्व दिशांना बंद असेल तर त्या बाजूची सामाईक तार तुटली असावी किंवा कपलर सुटला असावा. आरसा वर-खाली हलतो पण डावी-उजवीकडे हलत नाही, अशा वेळी सामाईक तार व फ्यूज दोन्ही ठीक आहेत हे आपोआप सिद्ध होते, कारण त्यांच्याशिवाय वर-खाली हालचालही झाली नसती. आता दोष डाव्या-उजव्या मोटरीत, तिच्या एकट्या तारेत किंवा बटणातील त्या दिशेच्या संपर्कात उरतो. तीच कळ दुसऱ्या बाजूच्या आरशास डावी-उजवीकडे हलवत असेल तर बहुतेक बटणही संशयातून सुटते.

आवाज येतो पण काच हलत नाही, या लक्षणाचा अर्थ वीज मोटरीपर्यंत पोहोचली आहे. दाते झिजले असावेत किंवा काचेची पाठपट्टी खटक्यांतून सुटली असावी. अशा आरशात तारा शोधत बसणे व्यर्थ होय.

दार विशिष्ट कोनात उघडले असता आरसा चालतो आणि बंद केले की थांबतो, हे लक्षण फार बोलके आहे. दार दररोज अनेकदा उघडते व मिटते. प्रत्येक वेळी रबरी नळीतील तारा वाकतात. काही वर्षांनी वरचे आवरण शाबूत राहून आतील तांब्याचे तंतू तुटतात. तुटलेली टोके दाराच्या एखाद्या स्थितीत एकमेकींस टेकतात आणि दुसऱ्या स्थितीत दुरावतात. साहाय्यकाने बटण दाबून धरावे व दुसऱ्याने रबरी नळी हलक्या हाताने हलवून पाहावी. आरसा अडखळत हलू लागला तर दोषाची जागा सापडली.

मोजमाप

घरगुती तपासणीसाठी साधा मल्टिमीटर व १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प पुरतो. मल्टिमीटर एकदिश दाबाच्या २० व्होल्टच्या टप्प्यावर ठेवून आरशाच्या कपलरमधील सामाईक तार व संबंधित मोटरीची तार यांना त्याच्या सुया लावाव्यात. कळ दाबल्यावर सुमारे १२ व्होल्टचा आकडा दिसला पाहिजे. कळ उलट दिशेस दाबल्यास आकडा तोच राहून त्याच्या आधी उणे चिन्ह येते. असे झाले तर बटणापासून इथवरचा मार्ग अखंड आहे.

पण येथे एक फसगत संभवते. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. मार्गात मळलेला सांधा असला तरी त्याला १२ व्होल्ट दिसतात; मोटर जोडली की मात्र ती हलत नाही. ओहमच्या नियमाने हे सहज उलगडते. समजा, फिरण्यास सुरुवात करण्याच्या क्षणी मोटरीचा रोध ४० ओहम आहे. सांधा स्वच्छ असेल तर प्रवाह १२ भागिले ४०, म्हणजे ०.३ अँपिअर. आता सांध्यावर मळ साचून त्याचा रोध २० ओहम झाला असे धरू. एकूण रोध ६० ओहम, प्रवाह ०.२ अँपिअर. त्यांपैकी ०.२ गुणिले २०, म्हणजे ४ व्होल्ट सांध्यातच खर्ची पडतात व मोटरीच्या वाट्यास ८ व्होल्ट येतात. मोटर रेंगाळते किंवा अडून राहते. मोटर जोडलेली ठेवून दाब मोजला तर हा ८ चा आकडा दिसतो आणि गुपित फुटते. टेस्ट लॅम्पचा दिवा स्वतः प्रवाह ओढत असल्याने अशा ठिकाणी मंद पेटतो; या एका बाबतीत तो मल्टिमीटरपेक्षा अधिक प्रामाणिक म्हणता येईल. विज्ञानाच्या पुस्तकात तारेच्या वेटोळ्यावर शिकवला जाणारा ओहमचा नियम विद्यार्थ्यांना गाडीच्या दारात इतक्या स्पष्टपणे भेटतो की शाळांनी हा प्रयोग करून पाहण्याजोगा आहे.

मोटरीची शहानिशा करण्याचा सोपा मार्ग म्हणजे ९ व्होल्टची लहान चौकोनी बॅटरी. कपलर सोडवून आरशाच्या बाजूच्या सामाईक व एका मोटरीच्या टोकास ही बॅटरी क्षणभर लावावी. काच हलली, आणि बॅटरी उलटी धरल्यावर उलट हलली, तर मोटर निर्दोष आहे. या बॅटरीचा प्रवाह मर्यादित असल्याने चूक झाली तरी तार जळण्याचे भय नसते. गाडीच्या मोठ्या बॅटरीतून थेट तार ओढून हा प्रयोग करू नये.

आरसा उघडणे

तपासणीचा जो भाग विजेवर करावयाचा तो वगळता इतर कामापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, व काम झाल्यावर ते सर्वांत शेवटी जोडावे. ऋण टोक गाडीच्या पत्र्यास जोडलेले असते. धन टोक आधी सोडवताना पाना पत्र्यास टेकला तर थेट शॉर्ट सर्किट होऊन मोठी ठिणगी पडते. दारात पिवळ्या रंगाचा कपलर अथवा पिवळे आवरण असलेल्या तारा दिसल्यास त्यांना हात लावू नये. त्या बहुधा एअरबॅगच्या यंत्रणेच्या असतात.

पुष्कळ गाड्यांत दाराचे संपूर्ण आतील आवरण काढण्याची गरज नसते. खिडकीच्या पुढील कोपऱ्यात आतून एक त्रिकोणी झाकण असते. ते प्लॅस्टिकच्या पट्टीने अलगद उचकटले की आरशाचे बोल्ट व काही गाड्यांत कपलरही तेथेच हाती लागतो. बोल्ट सैल करताना आरसा बाहेरून दुसऱ्याने धरून ठेवावा, नाहीतर तो तारांवर लोंबकळतो व चांगली तार तुटते. दाराचे आवरण काढावेच लागले तर आधी हँडलच्या खोबणीतील व छोट्या टोप्यांखालील स्क्रू शोधावेत. लपलेला एक स्क्रू राहून गेला आणि आवरण ओढले, की तडा ठरलेला.

मोटरीपर्यंत जाण्यासाठी काच काढावी लागते. तिच्यावर आडवी-उभी चिकटपट्टी लावावी, म्हणजे फुटली तरी तुकडे उडणार नाहीत. हातमोजे घालावेत. काचेची एक कड पूर्ण आत दाबून समोरची कड बाहेर आल्यावर त्या फटीतून पाठपट्टी धरून हळूहळू ओढावी. काच धरून ओढल्यास ती पट्टीपासून सुटून येते. हे काम सावलीत करावे. तापक पट्टी असल्यास तिच्या दोन तारा मागे जोडलेल्या असतात, त्यामुळे खटके सुटले तरी झटका देऊ नये. कोणत्या कडेकडून सुरुवात करावी हे गाडीगणिक बदलते.

स्वच्छता व सांधे

मळलेला कपलर सोडवताना तारा ओढू नयेत. त्याच्या पोटाशी असलेली कुलूपपट्टी दाबून दोन्ही भाग वेगळे करावेत. खाऱ्या पाण्याचा पांढरा थर बाजारात मिळणाऱ्या विद्युत-संपर्क स्वच्छक फवाऱ्याने पुरता जात नाही, कारण क्षार पाण्यात विरघळतात, त्या द्रवात नव्हे. अशा वेळी बॅटरीत घालावयाच्या ऊर्ध्वपातित पाण्यात मऊ ब्रश बुडवून टोके पुसावीत, पूर्ण सुकू द्यावीत आणि मगच फवारा वापरावा. नळाचे किंवा बोअरचे पाणी येथे वापरणे म्हणजे रोगानेच रोग बरा करण्याचा प्रयत्न होय. हिरवा मळ खोडरबराने किंवा अगदी बारीक ब्रशने काढावा. खरखरीत कागदाने घासल्यास पट्ट्यांवरील संरक्षक मुलामा निघून जातो व मळ पुन्हा लवकर धरतो. पेट्रोल व रॉकेल वर्ज्य. ते ज्वलनशील तर आहेतच, शिवाय प्लॅस्टिक व रबर यांना मारक ठरतात. शेवटी पेट्रोलियम जेलीचा अतिशय पातळ हात दिल्यास ओल दूर राहते. सैल झालेली पट्टी सुईच्या टोकाने किंचित आवळावी.

तुटलेली तार जोडण्यात एक खुबी आहे. दारातील स्थिर भागात दोन्ही टोके पिळून, डाख म्हणजेच सोल्डर देऊन, वर उष्णतेने आकसणारी नळी चढवली की सांधा टिकतो. मात्र रबरी नळीच्या आत, जेथे तार रोज वाकते, तेथे डाख देऊ नये. डाख दिलेला भाग कडक होतो आणि वाकण्याचा सारा ताण त्याच्या कडेशी येऊन तार तेथेच पुन्हा तुटते. त्याऐवजी तुटलेल्या तारेचा तेवढा तुकडा काढून टाकावा, तेवढ्याच जाडीची बहुतंतू मऊ तार नळीतून ओवावी आणि सांधे एक दाराच्या आत व दुसरा गाडीच्या आत, न वाकणाऱ्या जागी, करावेत. एकाहून अधिक तारा तुटल्या असतील तर सांधे एकाच रांगेत न आणता मागे-पुढे ठेवावेत. त्याने जाडी वाढत नाही आणि एका सांध्याचे आवरण निघाले तरी दुसऱ्यास चिकटत नाही. रंगांची नोंद कागदावर आधी करून ठेवावी किंवा मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. काळी चिकटपट्टी एकटी पुरेशी नाही. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तिचा डिंक पाझरतो आणि पट्टी सुटते.

शेतातील घरांत व गोदामांजवळ उंदीरही तारा कुरतडतात. एकाच जागी अनेक तारांचे आवरण सोललेले आणि तांबे चमकदार दिसत असेल तर ते उंदरांचे काम समजावे. अशा वेळी आरशापुरते न थांबता फ्यूजच्या डब्याच्या आजूबाजूसही पाहावे.

इंडिकेटर व तापक

आरशातील इंडिकेटर बहुधा एलईडीचा व हवाबंद असतो. पुढचे-मागचे इंडिकेटर नीट लुकलुकतात आणि आरशातील तेवढा बंद आहे, अशा वेळी फ्लॅशर व मुख्य कळ ठीक आहेत. दोष त्या दिव्यात किंवा त्याच्या तारेत. एलईडीला धन व ऋण टोक निश्चित असते, उलट जोडल्यास तो पेटत नाही. मल्टिमीटरच्या साध्या रोधाच्या टप्प्यावर त्याची परीक्षा होत नाही, त्याच्या कपलरवर इंडिकेटर चालू करून दाब मोजावा. आकडा लुकलुकीबरोबर वर-खाली होतो. इंडिकेटर नेहमीपेक्षा भरभर लुकलुकू लागला तर दोष आरशात नसून पुढच्या अथवा मागच्या २१ वॅटच्या दिव्यात असण्याचा संभव अधिक, कारण आरशातील अल्प शक्तीच्या दिव्याचा फ्लॅशरवर फारसा परिणाम होत नाही. बदली दिवा पिवळसर नारिंगी रंगाचाच असावा. निळे-पांढरे दिवे लावण्याची हौस अलीकडे दिसते, ती इंडिकेटरचा हेतूच हरवते.

तापक पट्टीची गरज वऱ्हाडच्या सपाट प्रदेशात क्वचितच पडते. पावसाळ्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना दाट धुके लागते, तेव्हा तिचे मोल कळते. काचेमागील पातळ पट्टीतून प्रवाह गेला की ती कोमट होऊन दव उडते. तिच्या दोन टोकांमध्ये रोध मोजल्यास तो काही ओहमचाच आला पाहिजे. मीटर अनंत रोध दाखवीत असेल तर पट्टी तुटली आहे, आणि ती काचेस चिकटलेली असल्याने काच पट्टीसह बदलावी लागते. ते संपूर्ण आरसा बदलण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

घरी न करावयाची कामे

नव्या गाड्यांत बटण मोटरीला थेट वीज पाठवत नाही. ते दारातील एका लहान संगणकीय नियंत्रकास संदेश देते व तो मोटर चालवतो. अशा संदेशवहनास लिन किंवा कॅन या नावाच्या पद्धती वापरल्या जातात. संदेशाच्या तारेवर टेस्ट लॅम्प लावल्यास किंवा तिला थेट १२ व्होल्ट दिल्यास नियंत्रक निकामी होऊ शकतो आणि शंभर रुपयांच्या दुरुस्तीचे काम हजारोंवर जाते. आरशाच्या कपलरमध्ये अनेक कामांसाठी अगदी मोजक्या तारा दिसल्या, किंवा गाडी कुलूप लावताच आपोआप आरसे मिटत असतील, तर ही पद्धत असल्याचा संशय घ्यावा आणि मापन केवळ मल्टिमीटरने करावे. कॅमेरा किंवा बाजूच्या वाहनाची सूचना देणारा संवेदक असलेल्या आरशात भाग बदलल्यानंतर स्कॅनर लावून जुळणी करावी लागते. ती सोय नसलेल्या ठिकाणी आरसा वरवर चालू होतो, पण कॅमेऱ्यातील अंतराच्या रेषा चुकीच्या पडतात. अमरावती व अकोला येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून इलेक्ट्रिशियन, वायरमन व वाहन यांत्रिकीचे शिक्षण घेतलेले अनेक तरुण या भागात काम करतात. अशा कारागिराकडे जाताना वर सांगितलेली लक्षणे नोंदवून नेल्यास त्याचा वेळ वाचतो, आणि गरज नसताना पूर्ण आरसा गळ्यात पडण्याची शक्यताही कमी होते.

दुरुस्तीनंतर आरसा चारही दिशांना शेवटपर्यंत हलवून पाहावा, दार पाच-सहा वेळा उघडून-मिटून तीच परीक्षा पुन्हा घ्यावी आणि बाहेरून पाण्याची हलकी धार सोडून तळाच्या छिद्रांतून निचरा होतो का ते बघावे. मग चालकाने आपल्या नेहमीच्या आसनावर बसून काच जुळवावी: क्षितिज मधोमध, आणि स्वतःच्या गाडीची केवळ बारीकशी कड आतल्या बाजूस. बाहेरील आरसे बहुधा बहिर्गोल असल्याने त्यांत दिसणारे वाहन असते त्याहून दूर भासते, हे विशेषतः प्रथमच डावा आरसा वापरणाऱ्यास आधी सांगून ठेवावे लागते.